बी विंगमधल्या मुलीचा आवाज

मागच्या वर्षी पावसाळा संपत आला होता तेव्हा काही आठवडे असे गेले, की सकाळी सव्वासातला दाराची बेल वाजली की मी दार उघडायला मुद्दाम उशीर करायचे. बाहेर कोण आहे ते मला ठाऊक असायचं. दहा वर्षांची मुलगी, शाळेचा गणवेश, दोन घट्ट वेण्या, पाठीवर तिच्यापेक्षा मोठं दप्तर. ती कधी आत यायची नाही. मी दार उघडलं की वर बघून हळू आवाजात विचारायची, "काकू, आज बोलू?"

मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे. अंधेरीला एका विमा कंपनीच्या ऑफिसात लोकांचे क्लेम तपासते. कोण थापा मारतंय हे ओळखण्याचा मला पगार मिळतो. आणि मी त्या एवढ्याशा मुलीला चळाचळा कापायचे. हे कसं झालं ते सांगायला बसलेय. स्वतःची बाजू सावरायची नाही असं ठरवलंय, कितपत जमतं बघू.

आम्ही बोरीवली पूर्वेला राहतो. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे जंगल सुरू होतं, त्यामुळे बिबट्या दिसल्याचा मेसेज ग्रुपवर आला की आठवडाभर मुलं संध्याकाळची घरात कोंडलेली. अशाच एका आठवड्यात माझी मुलगी, तेव्हा सातवीत होती, "बोअर होतंय" म्हणून डोकं खायला लागली आणि मी तिला एक गोष्ट रचून सांगितली. तीन मुली, अशाच एका सोसायटीतल्या. एक दिवस त्यांना कळतं, की आपण चेटकिणी आहोत. गोष्ट रंगली. मी ती लिहायला लागले. दर शनिवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये एकेक प्रकरण वाचायला लागले, आणि बघता बघता वीस-बावीस मुलं जमायला लागली.

चेटकिणी म्हटल्यावर मंत्र हवा. छू-मंतर आणि उलट्या अक्षरांचे मंत्र मला पोरकट वाटत. मला काहीतरी खरं हवं होतं, आणि खरं माझ्या घरातच होतं. माझे बाबा मूळचे मालवणकडचे. गिरणीत जन्म गेला, पण शिमग्याला आणि गणपतीत गावाला गेले की वाडीतलं गाऱ्हाणं तेच घालणार. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्यानं घातलेलं साकडं. एक जण बोलतो, प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. लहानपणी त्या आवाजानं माझे हातपाय गार पडायचे. माझ्या गोष्टीतल्या चेटकिणींची सगळी ताकद मी तिथे ठेवली. थोरली गाऱ्हाणं घालते, बाकीच्या दोघी "व्हय म्हाराजा" म्हणतात, की ते होतं. आणि ते मोडलं तर मोडणाऱ्याला काही होत नाही, त्याचं सगळ्यात जवळचं माणूस आजारी पडतं. हा नियम सुचला त्या दिवशी मी स्वतःवर भलतीच खूश होते.

हॉलमध्ये मी थोरलीचं गाऱ्हाणं म्हणायचे आणि मुलं बेंबीच्या देठापासून ओरडायची, "व्हय म्हाराजा!" पंखेसुद्धा थरथरतात असं वाटायचं. मला ते फार आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. ऑफिसात माझा साहेब माझं वाक्य पुरं होऊ देत नाही. घरी नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर, आणि मुलगी कानात इयरफोन घालून. इथे बावीस पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसलेली. शुक्रवारपासूनच मला चढायला लागायचं.

त्या ऑगस्टमध्ये बी विंगमध्ये घाटकोपरहून एक कुटुंब राहायला आलं. वडील आखातात नोकरीला, त्यामुळे घरात आई आणि मुलगी दोघीच. मुलगी पाचवीत. पहिल्याच शनिवारी ती हॉलमध्ये पुढच्या रांगेत येऊन बसली आणि दहाव्या मिनिटाला तिचा हात वर.

"काकू, मागच्या प्रकरणात हिचा डावा हात भाजला होता ना? मला माझ्या मैत्रिणीनं मागचं सगळं सांगितलंय. मग आता पट्टी उजव्या हाताला कशी?"

मुलं हसली. मीही हसले, म्हटलं, हुशार आहेस गं. पुढच्या शनिवारी: "काकू, गच्चीची चावी तर सेक्रेटरी काकांकडे होती, मग ह्या वर कशा गेल्या?" तिसऱ्या शनिवारी मी सगळ्यात जास्त घोटून लिहिलेलं प्रकरण होतं. धाकटी चेटकीण मैत्रिणींना फसवायचं ठरवते, ते. मी आवाज अगदी खाली आणला होता, हॉलमध्ये चिडीचूप. आणि पुढच्या रांगेतून, "काकू, पण आज अमावस्या आहे म्हणालात. मग चांदणं कसं पडलंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वही मिटली, उभी राहिले, आणि बाबांसारखे हात जोडून मी त्यांच्या मालवणीत म्हणाले,

"बा देवा म्हाराजा! ह्या जा आमचा बी विंगचा चेडू मधी मधी बोलता, ह्या चेडवाचा तोंड बंद कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुलं खिदळत ओरडली. ती मुलगीही हसत होती. मी चांदणं पडलेलंच ठेवलं आणि प्रकरण पुरं केलं. ती पुढे एक अक्षर बोलली नाही. सुटले बाई, असं मला वाटलं.

मंगळवारी संध्याकाळी तिची आई दारात आली. चेहरा उतरलेला. "हॉलमध्ये शनिवारी काही झालं का हो? शनिवारपासून ती बोललीच नाहीये. एक शब्दसुद्धा नाही. डॉक्टरांनी घसा बघितला, म्हणतात सगळं ठीक आहे. आता ते कुठल्या तरी मोठ्या डॉक्टरांकडे पाठवतायत. कोणी तिला मारलं-बिरलं का, भांडण झालं का?"

त्या क्षणी सांगून टाकायचं होतं. इतकं सोपं होतं ते. मी म्हणाले, "नाही हो, मजेत होती की."

दार लावून वळले तर माझी मुलगी मागे उभी. इयरफोन काढलेले. तिच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. ती माझ्याकडे आदरानं बघत होती. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"आई, तूच केलंस ना ते?"

"वेडी आहेस का? चेष्टा होती."

"पण झालं ना." मग जवळ येऊन, "आमच्या मॅथ्सच्या मिसवर पण घालू या ना. प्लीज. फक्त एक आठवडा."

मी तिच्यावर खेकसले. मग न राहवून विचारलं, "ती बोलत का नाहीये पण? तुला काय वाटतं?"

"ती बोलली तर तिच्या आईला काहीतरी होईल." तिनं असं सांगितलं, जसं काही मी उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारत होते. "तूच लिहिलंयस."

मी तशीच खाली गेले. ती मुलगी बागेतल्या बाकावर एकटी बसली होती, बाकीची मुलं चार हात लांब राहून खेळत होती. तिच्या शेजारी बसून म्हटलं, "अगं राणी, ती नुसती गोष्ट आहे. खोटं असतं ते सगळं." तिनं ओठ आत ओढून घेतले आणि माझ्यापासून हळूच सरकली. तेव्हा मला आठवलं. चौथ्या प्रकरणात एक म्हातारी चेटकीण मुलींना फशी पाडते, तेव्हा तीही हेच म्हणते. अगं, खोटं असतं ते सगळं. मुलांनी सावध व्हावं म्हणून हे वाक्य मी तीनदा तिच्या तोंडी घातलं होतं. बाहेर पडायचं एकच दार होतं, आणि त्याला मीच कडी घालून ठेवली होती.

चार रात्री मला झोप नाही. रोज नवी भीती. ही मुलगी आता कधीच बोलली नाही तर? तिच्या आईला कळलं तर? पोलीस, ऑफिस, सोसायटीची मीटिंग... आणि या सगळ्याच्या तळाशी एक फार मूर्ख भीती, की माझ्या तोंडात खरंच काही असलं तर?

शनिवारी मी केलं ते सांगायची लाज वाटते. मी नवं प्रकरण लिहून नेलं. त्यात थोरली चेटकीण आपलं गाऱ्हाणं मागे घेते. त्या मुलीला पुढे बसवलं, प्रकरण वाचलं आणि उभी राहून हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्या चेडवाचो आवाज मोकळो कर रे म्हाराजा!" बावीस जणांचा "व्हय म्हाराजा!" झाला. मी तिला म्हटलं, "बोल बाळा." ती दोन वेळा खाकरली आणि म्हणाली, "थँक्यू काकू."

हॉल टाळ्यांनी दणाणला. मला रडू आलं. मुलं माझ्या अंगाला हात लावून बघत होती. संध्याकाळी तिची आई डबाभर रव्याचे लाडू घेऊन आली, माझे दोन्ही हात धरले, "तुम्ही काय जादू केलीत हो!" मी लाडू घेतले, आणि तेव्हाही काही सांगितलं नाही. त्या रात्री मी गाढ झोपले. इतकंच नाही, झोपण्याआधी मी अंथरुणात पडून त्या टाळ्या पुन्हा ऐकल्या.

सोमवारी सकाळी सव्वासातला बेल वाजली. "काकू, आज बोलू?"

मी हसले. "बोल की गं." ती जिना उतरून स्कूल बसकडे पळाली. मंगळवारी पुन्हा. बुधवारी पुन्हा. गुरुवारी मी तिला नीट समजावलं, की आता तू मोकळी आहेस, मला विचारायचं नाही. तिनं मान डोलावली. शुक्रवारी आली नाही, आणि संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला, की आज परत तोंड मिटलंय. म्हणजे माझी परवानगी फक्त त्या दिवसापुरती चालत होती, आणि नको विचारूस म्हटलं तर तेवढीही संपत होती. मला विचारण्यापुरते तीन शब्द ती बहुतेक मोजत नव्हती. शनिवारी मी स्वतः तिच्या घरी जाऊन, आईचं लक्ष नसताना, तिच्या कानात "बोल" म्हणून आले. चोरासारखी. आणि रविवारपासून बेल पुन्हा सुरू.

एकदा ऑडिटसाठी मला सहालाच अंधेरी गाठावी लागली. दिवसभर कागदांवरून नजर फिरत होती आणि डोक्यात एकच, की ती आज मुकी बसली असेल. असंच एका माणसाच्या हार्ट अटॅकच्या क्लेमवर सही करताना हात थांबला. वाटलं, माझ्या एका शब्दावर एका मुलीचा दिवस चालतोय, आणि मी ताप आला म्हणून पडले, गाडीखाली आले, तर? मग मी आजारीही पडायला भ्यायला लागले. पावसात भिजायचे नाही. रस्ता ओलांडताना दोनदा बघायचे.

ते तसंच चाललं असतं, कारण मी भित्री आहे. पण एका सकाळी मी आंघोळीला गेलेली असताना बेल वाजली आणि दार माझ्या मुलीनं उघडलं. बाथरूममधून मला नळाच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. बाहेर आले तेव्हा ती आरशासमोर स्कूलबॅगचे पट्टे ओढत होती.

"कोण होतं? ती आली होती? हो म्हणालीस ना?"

"नाही," ती म्हणाली. "मी म्हटलं, आज नको."

"का?"

तिनं खांदे उडवले. "असंच. बघायचं होतं." आणि ती हसली. दुष्टपणानं नाही, खरं तर लाजल्यासारखी. ते हसू मी ओळखलं. हॉलमध्ये त्या टाळ्या चालू असताना माझ्या तोंडावर तेच असणार. मी टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत खिडकीकडे धावले, पण बस गेली होती. त्या दिवशी पाचवीची तोंडी परीक्षा होती, हे मला संध्याकाळी कळलं. ती बाईंसमोर उभी राहिली, सगळी उत्तरं येत असून तोंड मिटून रडत राहिली, आणि तिला परत जागेवर बसवलं.

मी बाबांकडे गेले. ते आमच्याकडेच असतात, बाल्कनीच्या खोलीत. कमी ऐकू येतं, म्हणून या सगळ्याचा त्यांना पत्ता नव्हता. मी त्यांच्या कानाशी बसून पहिल्यापासून सगळं ओरडून सांगितलं. ऐकताना त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला, की मला वाटलं, आता ते मला मारणार. सत्तरी उलटलेल्या माझ्या बापानं आयुष्यात मला हात लावलेला नाही.

"गाऱ्हाणा घातलंस?" ते म्हणाले. "पोराचा तोंड बंद करूक?"

"बाबा, चेष्टेत."

"माझ्या बापाशीन घातल्यान, मिया घातलंय. कोणाचा वायट व्हया म्हणान एकदा तरी तोंड उघडलंय मी? गावाचा बरा व्हया, पोराटोरांचा बरा व्हया म्हणान गाऱ्हाणा घालतत. गाव व्हय म्हणता तो आपल्यासाठी म्हणता. तुझ्यासाठी न्हय." ते थांबले. दम लागला होता. "आणि शेवटाक काय म्हणतत? काय चुकला माकला असात तर पदरात घी. ता म्हटलंस?"

ती ओळ मी पहिल्याच प्रकरणात कापली होती. मुलांना कंटाळवाणी वाटेल, गोष्टीचा वेग जाईल, म्हणून.

"मग आता काय करू? खोटं आहे म्हणून सांगितलं, ऐकत नाही ती."

"खोटा हा म्हणान सांगू नको. चुकलंय म्हणान सांग. तिच्या आवशीक सांग, तिच्यासमोर. आणि तुझ्या चेडवाक घेवन जा वांगडा."

मी त्याच संध्याकाळी माझ्या मुलीला सोबत घेऊन बी विंगमध्ये, त्या मुलीच्या आईकडे गेले. लिफ्टमध्ये ती म्हणाली, "आई, नको ना, सगळ्या बिल्डिंगला कळेल." तिचा हात मी घट्ट धरून ठेवला, तिला धीर द्यायला कमी आणि मला द्यायला जास्त.

त्या मुलीच्या आईनं दार उघडलं आणि हसून आत बोलावलं, चहा टाकते म्हणाली. मी म्हटलं, चहा नको, आधी ऐका. ती मुलगी डायनिंग टेबलाशी चित्र रंगवत बसली होती. आम्हाला बघून तिनं खडू खाली ठेवला. मी बसले नाही. बसले असते तर उठून गेले असते.

"तुमच्या मुलीच्या घशाला काही झालेलं नव्हतं. मी तिला गप्प केलं." आणि सगळं सांगितलं. गाऱ्हाणं, नियम, रोजची बेल, सगळं. माझी मुलगी खाली मान घालून म्हणाली, "आज मी नको म्हटलं होतं. मला मजा वाटली. सॉरी."

तिच्या आईनं विचारलं, "मी तिला घेऊन डॉक्टरांकडे धावत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि माझे लाडू घेतलेत."

"घेतले."

मी त्या मुलीकडे वळले. "तू तीनदा माझी चूक काढलीस, आणि तिन्ही वेळा तू बरोबर होतीस. अमावस्येला चांदणं नसतं. एवढ्या मुलांसमोर तू मला पकडलंस म्हणून मला राग आला, आणि मोठ्या माणसानं लहान मुलावर काढावा तसा मी तो काढला. ते चेटूक नव्हतं, माझा राग होता. तुझ्या आईला काही होणार नाही. मी चुकले. फार चुकले."

ती माझ्याकडे बघत राहिली. सवयीनं मी वाट बघत होते, की आता विचारेल, काकू, बोलू? माझ्या ओठांवर हो तयारही होतं. पण ती माझ्याकडे बघायची थांबली. खुर्चीवरून उतरली, आईजवळ गेली, तिच्या कुर्त्याची बाही धरली. बराच वेळ ती तशीच तिच्या तोंडाकडे निरखून बघत होती, काही दुखतंय का, काही होतंय का. मग घोगऱ्या, फाटक्या आवाजात, पण खणखणीत बोलली.

"आई, ह्यांना जायला सांग. मला त्या आवडत नाहीत."

तिला कोणी हो म्हटलं नव्हतं. लाजेनं माझे कान तापले होते आणि आनंदानं छाती भरून आली होती. माझ्या तोंडून हुंदका निघाला, तो दाबायला मी ओढणी तोंडात धरली.

तिच्या आईनं दार उघडून धरलं. मी आणि माझी मुलगी चपला हातात घेऊनच बाहेर पडलो.